एकच इंजिन, दोन किमती: नवख्यांनी आलिशान आणि सर्वसामान्य गाड्यांची तुलना कशी करावी

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघाले की चिकलठाण्याच्या पुढे शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. तेथील एका कारखान्यात 2001 पासून स्कोडाच्या गाड्या तयार होत आल्या आहेत आणि पुढे त्याच आवारात ऑडीच्या गाड्यांचीही जुळणी होऊ लागली, कारण हे दोन्ही ब्रँड फोक्सवॅगन या एकाच समूहाचे आहेत. 2022 साली भारतात नव्या रूपात आलेली स्कोडा कोडियाक आणि त्याच वर्षी आलेली ऑडी क्यू3 या दोन्ही गाड्या शेंद्र्यातच जुळवल्या गेल्या. दोन्हींमध्ये 2.0 लिटरचे टर्बो (धुराच्या झोताने पंखा फिरवून इंजिनात जास्त हवा ढकलणारे) पेट्रोल इंजिन होते, दोन्हींची ताकद 190 पीएस (म्हणजे जवळपास तेवढीच अश्वशक्ती) आणि टॉर्क, म्हणजे पीळ देण्याचा जोर, 320 न्यूटन मीटर होता, दोन्हींना सात गिअरचा, आपोआप गिअर बदलणारा डबल क्लच गिअरबॉक्स होता आणि दोन्हींत जोर चारही चाकांना मिळत होता. बाजारात आल्या तेव्हा कोडियाकची एक्स-शोरूम (वाहन कर, नोंदणी व विमा सोडून) किंमत 34.99 लाखांपासून, तर क्यू3ची 44.89 लाखांपासून सुरू होत होती. लांबीने मोठी आणि सात माणसांची गाडी स्वस्त, आणि लहान, पाच माणसांची गाडी सुमारे दहा लाखांनी महाग, असा हा हिशेब आहे.

हे दहा लाख कशाचे, हा प्रश्न ज्याला नीट विचारता आला त्याला गाड्यांची तुलना करता आली, असे मी मानतो. पहिल्यांदाच गाडी घेणारे, किंवा मारुती-ह्युंदाईकडून मर्सिडीज-बीएमडब्ल्यूकडे वळू पाहणारे आपल्या भागातील अनेक जण मला याच वळणावर अडखळलेले दिसतात. नाव मोठे म्हणजे इंजिन मोठे, अशी त्यांची समजूत असते. ही गाठ सोडवायची तर इंजिन आणि नाव यांचा हिशेब वेगवेगळ्या पानांवर मांडावा लागतो. त्यासाठी एक वही घ्यावी आणि पुढील क्रमाने जावे.

पहिली पायरी: ब्रँडचे बाजारातील स्थान ओळखणे

आपल्या देशात 2024 साली 43 लाखांच्या आसपास प्रवासी गाड्या विकल्या गेल्या आणि त्यांपैकी साधारण 40 टक्के एकट्या मारुती सुझुकीच्या होत्या. याउलट त्याच वर्षात आलिशान गाड्यांमध्ये पहिल्या क्रमांकावर असलेल्या मर्सिडीज-बेंझने 19,565 गाड्या विकल्या. आपला मिनी हा ब्रँड धरून बीएमडब्ल्यूची विक्री 15,721 आणि ऑडीची 5,816 होती. म्हणजे सगळ्या आलिशान ब्रँडची बेरीज केली तरी ती एकूण बाजाराच्या शंभरात एक भागाच्या आसपास राहते.

या आकड्यांचा इंजिनाशी थेट संबंध आहे. लाखोंच्या संख्येने गाड्या विकणारी कंपनी एका गाडीमागे थोडा नफा घेते आणि एकच इंजिन अनेक गाड्यांत बसवून त्याचा खर्च वाटून टाकते. ते इंजिन स्वस्तात दुरुस्त व्हावे, गावोगावच्या मेस्त्रीला कळावे आणि कमी पेट्रोल प्यावे, हा तिचा आग्रह असतो. थोड्या गाड्या विकणारा आलिशान ब्रँड आवाज, थरथर, गिअर बदलताना न जाणवणारा झटका आणि महामार्गावरचा निवांतपणा यांवर पैसा घालतो व तो गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. दोघांचेही अभियंते कुशलच असतात, मात्र त्यांना दिलेली कामे वेगळी असतात.

ब्रँडचे स्थान देशागणिक बदलते, हेही नवख्याने ध्यानात ठेवावे. स्कोडा ऑक्टाव्हिया युरोपात मध्यमवर्गीय कुटुंबाची रोजची गाडी होती, पण शेंद्र्यात तयार झालेली तीच ऑक्टाव्हिया आपल्याकडे 2000 नंतरच्या दशकात डॉक्टर, कारखानदार आणि पुढाऱ्यांच्या दारात दिसे. जर्मनीत मर्सिडीजची ई-क्लास टॅक्सी म्हणून सर्रास धावते. 2010 साली तेव्हाच्या औरंगाबादमधील उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या आणि त्याची चर्चा देशभर झाली. आपल्या भागातील माणसाला मोठ्या नावाची ओढ आहे आणि ती फेडण्याची ऐपतही अनेकांकडे आहे, हे त्या खरेदीने दाखवून दिले. त्या ओढीत मला काही गैर वाटत नाही. केवळ तिची किंमत इंजिनाच्या नावावर लिहू नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

दुसरी पायरी: कागदावरचे पाच आकडे

प्रत्येक गाडीसाठी वहीत पाच रकाने आखावेत: इंजिनाचा आकार (घनक्षमता) सीसीमध्ये, ताकद पीएसमध्ये, टॉर्क न्यूटन मीटरमध्ये, तो टॉर्क किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटातील फेऱ्यांना) मिळतो ते, आणि गाडीचे रिकामे वजन. शोरूममधील माहितीपत्रकात पहिले चार बहुधा मिळतात. वजन मात्र मागून घ्यावे लागते आणि नेमका तोच आकडा सर्वांत जास्त बोलतो.

ताकद म्हणजे इंजिन दर सेकंदाला किती काम करू शकते, तर टॉर्क म्हणजे चाकाला किती जोराने पीळ देऊ शकते. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही, कारण नांगरटीला लागणारा ट्रॅक्टर कमी वेगातच जोर देतो हे त्याने पाहिलेले असते. डिझेल आणि टर्बो पेट्रोल इंजिने त्याच जातीची आहेत. त्यांचा टॉर्क पंधराशे ते दोन हजार आरपीएमच्या आसपास पूर्ण मिळू लागतो, म्हणून ओव्हरटेक करताना गिअर उतरवण्याची घाई होत नाही. साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला तोच जोर देण्यासाठी चार हजारांच्या वर फिरावे लागते.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. मर्सिडीज सी 200 चे पेट्रोल इंजिन 1496 सीसीचे आहे आणि ते 204 पीएस व 300 न्यूटन मीटर देते. स्कोडा स्लाव्हियाचे मोठे इंजिन 1498 सीसीचे असून ते 150 पीएस व 250 न्यूटन मीटर देते. ह्युंदाई क्रेटाचे टर्बो पेट्रोल इंजिन 1482 सीसीचे, 160 पीएस व 253 न्यूटन मीटरचे आहे. तिन्ही इंजिने दीड लिटरची आणि तिन्ही चार सिलिंडरची आहेत, म्हणजे आकारात फरक जवळजवळ नाही. नुसती ताकद पाहिली तर मर्सिडीज बरीच पुढे आहे. परंतु स्लाव्हियाचे वजन साधारण सव्वा टन आणि सी-क्लासचे साधारण 1.65 टन असल्यामुळे ताकदीला वजनाने भागले की स्लाव्हियाला टनामागे 120 पीएस आणि सी 200 ला टनामागे सुमारे 124 पीएस मिळतात. हा भागाकार पहिल्यांदा केला तेव्हा मला स्वतःला आश्चर्य वाटले होते.

मग मर्सिडीजमध्ये जास्तीचे काय मिळाले? तिच्या इंजिनाला 48 व्होल्टची छोटी विद्युत मोटर जोडलेली असते. ती गाडी हलताना ढकलते, त्यामुळे टर्बो जागा होईपर्यंतची रेंगाळ जाणवत नाही आणि सिग्नलवर बंद झालेले इंजिन झटका न देता सुरू होते. गिअरबॉक्स नऊ गिअरचा आहे. इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवून जोर मागच्या चाकांना दिलेला आहे, त्यामुळे पुढची चाके फक्त वळण्याचे काम करतात. वजनही उगाच वाढलेले नसते, कारण त्यात आवाज अडवणारे थर, जाड काचा, भक्कम आसने आणि सुरक्षेची सामग्री असते. हा फरक खरा आहे आणि तो पैशात मोजण्याजोगा आहे. मात्र तो इंजिनाच्या आकारात शोधला तर सापडणार नाही.

तिसरी पायरी: मागच्या दारावरचा आकडा वाचणे

जुन्या काळी गाडीच्या मागे लिहिलेला आकडा इंजिनाचा आकार सांगत असे, म्हणून आजही माणसे 330 वाचून तीन लिटरचे इंजिन समजतात. बीएमडब्ल्यू 330 एलआयमध्ये 2.0 लिटरचे, 258 पीएसचे इंजिन असते. सी 200 मध्ये दीड लिटरचे असते हे वर आलेच. ऑडीच्या मागील 40 किंवा 45 हा आकडा तर सीसीशी संबंधित नसून इंजिनाच्या ताकदीचा गट दाखवतो. सिलिंडरच्या संख्येचेही तसेच आहे. तीन सिलिंडरचे इंजिन म्हणजे हलक्या दर्जाची गाडी, असे आपल्याकडे अजून बोलले जाते, पण बीएमडब्ल्यू एक्स1 च्या पेट्रोल गाडीत 1.5 लिटरचे तीन सिलिंडरचेच इंजिन आहे. म्हणून आरसी बुकावरील घनक्षमता वाचावी आणि मागचा आकडा केवळ मॉडेलचे नाव म्हणून घ्यावा.

चौथी पायरी: इंजिनाचे भाऊबंद शोधणे

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आवडलेल्या गाडीचे इंजिन आणखी कोणत्या गाड्यांत बसते, हे विचारल्याशिवाय टोकन देऊ नये.

आपल्या पिढीला याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण म्हणजे फियाटचे 1248 सीसीचे मल्टिजेट डिझेल इंजिन. ते फियाट पुंटोत होते, मारुतीच्या स्विफ्ट आणि डिझायरमध्ये डीडीआयएस या नावाने होते आणि टाटाच्या गाड्यांत क्वाड्राजेट या नावाने होते. तीन कंपन्यांचे गिऱ्हाईक आपापल्या गाडीच्या ॲव्हरेजवरून चहाच्या टपरीवर हुज्जत घालत असत आणि तिघांच्याही बॉनेटखाली एकाच घराण्याचे इंजिन असे. एप्रिल 2020 मध्ये धुराच्या प्रदूषणाचे बीएस6 नियम आले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या आणि हे इंजिनही आपल्या बाजारातून गेले.

आज ह्युंदाई क्रेटा आणि किया सेल्टॉस यांचे 1.5 लिटर डिझेल इंजिन एकच आहे. मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडर यांच्याबाबतीत तर देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झालेली आहे: साधे पेट्रोल इंजिन सुझुकीचे आणि स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन व विजेची मोटर दोन्हींवर चालणारी) यंत्रणा टोयोटाची. आलिशान बाजूलाही हेच घडते. लेक्सस हा टोयोटाचाच ब्रँड आहे, आणि लेक्सस ईएस 300एच व 2019 साली आपल्याकडे आलेली टोयोटा कॅमरी या दोन्हींत 2.5 लिटरची तीच पेट्रोल-हायब्रिड यंत्रणा असून तिची एकत्रित ताकद 218 पीएस आहे. मर्सिडीज जीएलए 200 मधील 1.3 लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन रेनो-निसानसोबत मिळून घडवले गेले, आणि 2020 मध्ये त्याच घराण्यातील 156 पीएसचे इंजिन घेऊन रेनो डस्टर आपल्या रस्त्यांवर आली होती.

यावरून मर्सिडीजवाल्याची फसवणूक झाली, असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. एकाच घराण्यातील इंजिनाला वेगळा टर्बो, वेगळे सॉफ्टवेअर, वेगळा गिअरबॉक्स आणि वेगळे माउंटिंग मिळाले की गाडीचा स्वभाव बदलतो. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत काम केलेल्या कोणालाही हे विचारावे, तो एकाच साच्यातून निघालेला भाग पुढे कसा वेगळा होतो ते सांगेल. भाऊबंद शोधण्याचा फायदा दुसरीकडे आहे. जे इंजिन लाखो स्वस्त गाड्यांत धावले, त्याचे दुखणे सर्वांना माहीत झालेले असते आणि त्याचे सुटे भाग शोधणे सोपे जाते. ज्या इंजिनाला आपल्या बाजारात एकही भाऊ नाही, ते घेताना जास्त चौकशी करावी.

पाचवी पायरी: कर समजून घेणे

इंजिने अमुकच आकाराची का असतात, याचे उत्तर पुष्कळदा कराच्या तक्त्यात सापडते. 22 सप्टेंबर 2025 पासून ज्या गाडीची लांबी चार मीटरच्या आत आहे आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या किंवा डिझेल इंजिन 1500 सीसीच्या आत आहे, तिला 18 टक्के जीएसटी लागतो. इतर गाड्यांना 40 टक्के आणि विजेवरच्या गाड्यांना 5 टक्के लागतो. 1197 किंवा 1497 असे काठावरचे आकडे म्हणूनच वारंवार दिसतात. मारुती ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही तिचे पेट्रोल इंजिन 1462 सीसीचे असल्यामुळे ती वरच्या गटात जाते. विजेवरच्या सोडल्या तर आलिशान गाड्या जवळजवळ सर्वच 40 टक्क्यांत येतात, म्हणजे शोरूममध्ये दिलेल्या रकमेतील मोठा वाटा ना इंजिनाचा असतो ना ब्रँडचा. त्यावर राज्याचा एकरकमी वाहन कर येतो. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील पेट्रोल गाडीला किमतीनुसार 11, 12 किंवा 13 टक्के आणि डिझेल गाडीला 13, 14 किंवा 15 टक्के असा तो आहे. तुलना करताना एक्स-शोरूम किंमत एका रकान्यात आणि ऑन-रोड किंमत दुसऱ्या रकान्यात लिहावी, दोन्हींची सरमिसळ करू नये.

सहावी पायरी: आपला रस्ता, आपले ऊन

माहितीपत्रकात मराठवाडा नसतो. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा 43 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा एसीचा कंप्रेसर छोट्या इंजिनाच्या ताकदीतला जाणवण्याइतका वाटा खातो. त्यामुळे एक लिटर किंवा 1.2 लिटरच्या, टर्बो नसलेल्या गाडीत पाच माणसे आणि सामान घेऊन मांजरसुंब्याचा घाट चढताना एसी बंद करण्याची वेळ येते. हाच अनुभव घेऊन माणसे मोठ्या ब्रँडकडे वळतात. वास्तविक त्यांना मोठा ब्रँड नको असतो, टर्बो किंवा डिझेल इंजिन हवे असते आणि ते सर्वसामान्य ब्रँडमध्येही मिळते.

महामार्गाची गोष्ट निराळी आहे. जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जाणारा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला आणि त्यावर गाड्यांना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. पाच गिअरच्या छोट्या गाडीचे इंजिन त्या वेगाला तीन हजार आरपीएमच्या पुढे फिरत असते, तर नऊ गिअरच्या आलिशान गाडीचे दोन हजारांच्या आसपास असते. महिन्यातून चारदा मुंबई किंवा नागपूर गाठणाऱ्याला चार-पाच तासांनंतर हा फरक कानाला, कमरेला आणि डोक्याला कळतो. आलिशान ब्रँडचा जास्तीचा पैसा खऱ्या अर्थाने वसूल होतो तो येथे. ज्याचे फिरणे लातूरच्या गंजगोलाईपासून घरापर्यंतच आहे, त्याचा तो पैसा उभ्या गाडीत पडून राहतो.

अशा छोट्या फेऱ्यांसाठी बीएस6 डिझेल घेऊच नये, मग ब्रँड कोणताही असो. या इंजिनांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जाळून टाकण्यासाठी धूर बराच तापावा लागतो आणि तो तापण्यासाठी गाडी काही वेळ महामार्गाच्या वेगाने चालावी लागते. रोज तीन-चार किलोमीटर धावणाऱ्या गाडीत जाळी भरते, दिवा लागतो आणि खर्च सुरू होतो. मारुती, स्कोडा आणि ऑडी यांनी बीएस6 नंतर आपल्याकडे डिझेल सोडले. सर्वसामान्य ब्रँडमध्ये महिंद्रा, टाटा, ह्युंदाई, किया व टोयोटा, आणि आलिशान बाजूला मर्सिडीज व बीएमडब्ल्यू यांच्याकडे ते अजून मिळते.

जुनी आलिशान गाडी घेणाऱ्याने इंधनाच्या झाकणाच्या आतील सूचना अवश्य वाचावी. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि 2023 च्या आधीच्या अनेक गाड्या त्या प्रमाणासाठी बनवलेल्या नव्हत्या.

सातवी पायरी: सेवा केंद्राचे अंतर

माझ्या एका नातलगाने काही वर्षांपूर्वी पुण्याहून वापरलेली एक जर्मन सेडान आणली. इंजिन उत्तम होते, तरीही दीड वर्षाने गिअरबॉक्स चालवणारे नियंत्रक यंत्र बिघडले. गावातल्या चांगल्या मेस्त्रीकडे ते तपासण्याचे साधन नव्हते, गाडी ट्रकवर चढवून न्यावी लागली आणि दुरुस्तीचे बिल एखाद्या वापरलेल्या छोट्या गाडीच्या किमतीएवढे झाले. गाडी वाईट नव्हती. तिची किंमत अर्ध्यावर आली होती, पण तिच्या सुट्या भागांची किंमत नव्या गाडीचीच राहिली होती, आणि हा हिशेब खरेदीच्या वेळी कोणी केला नव्हता.

म्हणून उदगीर, किनवट किंवा परंड्याला राहणाऱ्याने पहिला प्रश्न अधिकृत सेवा केंद्र किती किलोमीटरवर आहे, हा विचारावा. सर्वसामान्य ब्रँडचे केंद्र जिल्ह्याच्या गावी बहुतेक असते, आलिशान ब्रँडसाठी मोठे शहर गाठावे लागते. त्यानंतर तीन दर लेखी मागावेत: ऑइल व फिल्टरसह एका सर्व्हिसचा, चारही ब्रेकपॅडचा आणि एका टायरचा. काही आलिशान गाड्यांना हवा गेल्यावरही काही अंतर धावणारे टायर असतात व स्टेपनी नसते, त्यामुळे टायरचा दर विचारणे येथे विशेष गरजेचे आहे. वॉरंटी संपल्यानंतर ती वाढवून मिळते का आणि तीत गिअरबॉक्स व टर्बो धरलेले आहेत का, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.

आठवी पायरी: चालवून पाहणे

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह बहुधा सपाट रस्त्यावर, सकाळी आणि दोनच माणसांनिशी होते. ती आपण दुपारी दोन वाजता, घरची चार माणसे घेऊन, एसी पूर्ण लावून मागावी. संभाजीनगरकरांनी दौलताबादहून खुलताबादकडे चढावे, कन्नडकरांना औट्रम घाट जवळ आहे, बीडकरांना मांजरसुंबा. चढावर गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये हळू करावी आणि मग ॲक्सिलरेटर दाबून ती किती लवकर उचल घेते ते पाहावे. उभी असताना एसी लावून स्टिअरिंगवर हात ठेवावा आणि थरथर किती येते ते नोंदवावे. दोन्ही ब्रँडच्या गाड्या शक्यतो एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवाव्यात, कारण आठवड्याच्या अंतराने आठवणीत फक्त नाव उरते.

घरी आल्यावर वहीतील दोन पाने शेजारी ठेवावीत. इंजिनाच्या पानावर वजनाने भागून आलेली ताकद, टॉर्क, गिअर आणि चढावरचा अनुभव असेल. दुसऱ्या पानावर शांतता, आसने, सुरक्षा, सेवा केंद्राचे अंतर, कर आणि नाव असेल. किमतीतील फरकाची रक्कम दुसऱ्या पानाखाली लिहावी आणि ज्यांना त्या गाडीत रोज बसायचे आहे त्या घरातील प्रत्येकाला ती वाचून दाखवावी.